परड्यातली टाकी आणि हाजराबीची पाटी

"हिला जन्मभर पाण्यात उभं राहायचंय. रंग जपा, नाहीतर गंज गुपचूप खाईल हिला," असं सांगलीच्या कारखान्यातले यासीनभाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते. मी ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. तेव्हा माझ्या अंगावरचा काळा रंग असा चकाकत होता, की मला टेम्पोत चढवणारा माणूस माझ्यात बघून आपला भांग नीट करत होता. असल्या वयात कुणी गंजाचा विचार करतं का?

मित्रांनो, आता करते. मी गोबरगॅसची एक जुनी टाकी आहे. कवठे महांकाळच्या पलीकडं माळाच्या उतारावर एक लहान गाव आहे. तिथं चंदनशिव्यांच्या घरामागच्या परड्यात, शेवग्याच्या शेजारी मी उभी आहे. उभी म्हणजे निम्मी. खाली जमिनीत विटांची गोल विहीर आहे. ती जैनुद्दीन गवंड्यांनी बांधली. शेजारच्या हौदात शेणात पाणी कालवून ते त्या विहिरीत सोडतात. त्यावर मी, लोखंडाची, उपड्या पातेल्यासारखी. खाली शेण कुजतं, त्यातून गॅस निघतो, तो माझ्या पोटात साठतो आणि साठेल तशी मी वर उचलली जाते. घरात शेगडी पेटली की गॅस नळीतून जातो आणि मी हळूहळू खाली बसते. माझं सगळं आयुष्य हे एवढंच, वर येणं आणि खाली जाणं. पण या वरखाली होण्यावर एका लेकराचा श्वास अवलंबून होता, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटतं.

मी गावात आले ते साल होतं एकोणीसशे त्र्याण्णव. घराची मालकीण लक्ष्मीबाई. तिचा मुलगा महेंद्र एसटीत ड्रायव्हर. आणि मला आणायचा हट्ट धरला होता तो त्याच्या नव्या बायकोनं, आम्रपालीनं. ती साताऱ्याची, सायन्स कॉलेजात शिकलेली. सरकारी योजनेत टाकी मिळते हे तिनं पंचायतीच्या भिंतीवर वाचलं आणि त्या दिवसापासून तिनं नवऱ्याचा पिच्छा पुरवला. मला टेम्पोतून उतरवलं तेव्हा गावातली सगळी पोरं माझ्यावर ढोलासारखी हात आपटत होती. मला वाटलं, माझी मिरवणूकच आहे.

पण शेगडी पेटवायचा पहिला दिवस फजितीचा निघाला. गाड्या भरभरून शेण ओतून झालं होतं, माझं पोट वर आलं होतं, शेगडीभोवती निम्मं गाव जमलं होतं. महेंद्र काडीमागून काडी ओढत होता आणि शेगडी काही पेटत नव्हती. शेजारच्या आळीतले भाऊसो दाराला टेकून उभे होते. ते म्हणाले, "महिंद्रा, शेणाला काडी लावून भाकरी भाजती व्हय रं? त्यापरीस म्हशीलाच चुलीम्होरं बसीव." सगळे हसले. लक्ष्मीबाई मान खाली घालून गोठ्यात निघून गेली. आम्रपाली तेवढी हलली नाही. पहिल्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते, तो सोडून द्यायचा असतो, हे ती प्रत्येकाला शांतपणे सांगत होती आणि कुणी ऐकत नव्हतं. आठवड्याभरानं, घरात कुणी परकं नसताना, तिनं पुन्हा काडी लावली. निळी ज्योत उभी राहिली. गुपचूप, सरळ, काजळीचा ठिपका नसलेली.

लक्ष्मीबाईला मात्र ती ज्योत पसंत पडली नाही. जाळाला रंग असतो, जाळ बोलतो, हा नुसताच दिसतोय, असं तिचं म्हणणं. चहा गॅसवर झाला तरी चालेल, पण भाकरी चुलीवरच. एका स्वयंपाकघरात दोन आचा पेटू लागल्या. माझं फारसं काम नसायचं. पोट भरून मी ताटकळत राहायची.

पुढच्या वर्षी साक्षी जन्मली.

थंडी सुरू झाली आणि त्या लेकराची छाती वाजायला लागली. दाराच्या फटीतून वारा यावा तशी बारीक शीळ. दिवसा कमी, आणि संध्याकाळी चूल पेटली की जास्त. घरच्यांना वाटलं सर्दी आहे. ओव्याची पुरचुंडी शेकून झाली, तेल चोळून झालं. आम्रपाली मात्र बघत राहायची. पाळणा स्वयंपाकघराशेजारी असला तर काय होतं, सोप्यात नेला तर काय होतं, चूल विझल्यावर किती वेळानं शीळ थांबते. धूर ज्या बाजूला वळेल त्याच्या उलट बाजूला ती पाळणा ओढत नेई. मी परड्यातून तिची ती धावपळ ऐकत असे. कवठ्याच्या डॉक्टरांनी पोरीला धुरापासून लांब ठेवायला सांगितलं, तेव्हा तिनं नुसती मान डोलावली. तिला ते आधीच कळलं होतं.

सासूशी ती भांडली नाही. एका संध्याकाळी चूल पेटलेली असताना तिनं साक्षीला उचललं आणि लक्ष्मीबाईच्या कानाशी धरलं. म्हणाली, "आत्या, ऐका." लक्ष्मीबाईनं ऐकलं. मग दोन दिवस सगळा स्वयंपाक गॅसवर झाला. तिसऱ्या संध्याकाळी आम्रपालीनं पुन्हा पोरीला सासूच्या कानाशी धरलं. लक्ष्मीबाईनं बराच वेळ कान काढला नाही. मग उठली, चुलीतली राख भरली आणि परड्यात येऊन माझ्या शेजारच्या उकिरड्यावर टाकली. आत जाताना म्हणाली, "उद्यापासनं माजी भाकरी बी त्या निळ्यावरच टाक."

त्यानंतरची वर्षं माझी मानाची. रोज सकाळी शेण कालवण्याचा आवाज यायचा, मग कुणीतरी माझी कडी धरून मला गोल फिरवायचं, म्हणजे आतल्या शेणावर साय धरत नाही. आम्रपालीचं लक्ष सगळीकडं. साबणाचा फेस करून ती नळीच्या सांध्यांवर लावायची आणि बुडबुडा येतो का ते डोळे बारीक करून बघायची. काडेपेटी उंच फळीवर, नळीची चावी झोपायच्या आधी बंद. महेंद्र चेष्टेनं म्हणायचा, माझ्या गाडीला इतकी तपासणी असती तर ब्रेक कधी फेल झाला नसता. माझ्यातून जे जुनं शेण बाहेर पडायचं, त्याला वास नसायचा, माशी नसायची. ते शेतात गेलं आणि शाळूची कणसं अशी भरली की भाऊसोंनी स्वतःहून येऊन विचारलं, बियाणं कुठलं. बांधावरची बाभूळ आधी दरवर्षी जळणासाठी छाटली जायची. ती आता पसरली. मेंढपाळ धुळा आपली मेंढरं घेऊन त्या वाटेनं जायचा, तो म्हणाला, चंदनशिव्यांच्या बाभळीखाली माझ्या मेंढरांना शेंगा मिळतात, या टाकीचं लय उपकार हाय.

अशाच एका हिवाळ्यात आम्रपाली ओट्यावर पेपर वाचत होती. जपानात सगळ्या देशांची माणसं जमली होती. पृथ्वी तापत चालली आहे, धूर आणि गॅस कमी केले पाहिजेत, असं ठरवत होती. तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. लक्ष्मीबाई शेंगा निवडत होती. ती म्हणाली, "जग तापलंय हे त्यास्नी आज कळलं व्हय? एक वैशाख आमच्या कवठ्यात येऊन बसा म्हणावं."

त्या वेळी भिंतीपलीकडून हाजराबीही आली होती. हाजराबी म्हणजे माझी विहीर बांधणाऱ्या जैनुद्दीन गवंड्यांची बायको. दोन्ही परड्यांत एक कमरेएवढी भिंत, तिच्यावर हात ठेवून ती रोज गप्पा मारायची. तिनं विचारलं, आकाशातल्या उन्हाचा आणि आपल्या शेणाचा काय संबंध? आम्रपालीनं तिला वाकळीचा, म्हणजे गोधडीचा, दाखला दिला. पृथ्वीभोवती हवेची एक वाकळ आहे. ती हवीच, नाहीतर सगळे गारठून मरतील. पण आपण कोळसा जाळतो, डिझेल जाळतो, झाडं तोडतो आणि त्या वाकळीवर वाकळ चढवत जातो. उकिरड्यात शेण उघड्यावर सडतं, तेव्हाही एक गॅस सुटतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची वाकळ फार जाड. तोच गॅस टाकीत धरून जाळला, तर वाकळ पुष्कळ पातळ होते, आणि लाकूड वाचतं ते वेगळंच.

हाजराबीनं भिंतीवरून वाकून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मग ह्या एका टाकीनं जगाची किती वाकळ उतरंल गं?"

आम्रपालीनं पोरीकडं बघितलं. साक्षी शेवग्याखाली चिखलाच्या भाकऱ्या थापत होती. आम्रपाली म्हणाली, "जगाचं फार नाही व्हायचं काकू. साक्षीला पुरतं."

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. तरी त्या दिवशी मला माझ्या जन्माचं काहीतरी झालं असं वाटलं.

आणि मग एक वर्ष पावसानं आमच्याकडं पाठ फिरवली. माळ तर नेहमीचाच कोरडा, त्यात वैरण संपली. म्हशींच्या बरगड्या दिसायला लागल्या, तेव्हा लक्ष्मीबाईनं त्या कृष्णाकाठी आपल्या लेकीच्या गावी पाठवल्या. तिकडं ऊस होता, पाणी होतं. म्हशी गेल्या आणि मी उपाशी राहिले. माझं पोट रोज थोडं थोडं खाली जाऊ लागलं. शेगडीवरची ज्योत बुटकी झाली, मग निळ्याची पिवळी झाली, आणि एका सकाळी पेटलीच नाही. सिलिंडरसाठी महेंद्रनं कवठ्यात नंबर लावला होता. तो नंबर कधी लागेल हे एजन्सीवाल्यालाही ठाऊक नव्हतं. स्टोव्हला रॉकेल मिळायचं ते आठवडाभरही पुरत नव्हतं.

झाकून ठेवलेली चूल पुन्हा सारवली गेली. त्या संध्याकाळी मी परड्यात कोरडी बसले होते आणि आतून ती शीळ ऐकू आली. इतक्या वर्षांनी. या वेळी शिळेबरोबर खोकलाही होता. आम्रपाली पोरीला घेऊन परड्यात येऊन बसली. तिच्या हातात पोरीची पाठ होती आणि डोळे माझ्याकडं. मला तिच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून हाजराबी आली ती डोक्यावर पाटी घेऊन. पाटीत ओलं शेण. हाजराबीच्या घरी जनावर नव्हतं. गवंड्यानं गावोगाव लोकांच्या दारात टाक्या बांधल्या, पण गोठा नाही त्याच्या दारात टाकी कशी होणार? त्यांचं घर चालायचं ते शेण्यांवर. कवठ्याला जनावरांचा बाजार उठला की मैदानातलं शेण हाजराबी गोळा करायची, भिंतीला शेण्या थापायची, त्यावर तिची चूल पेटायची. आज तेच शेण तिनं आमच्या हौदात ओतलं आणि बाही वर सारून कालवायला बसली.

लक्ष्मीबाई म्हणाली, आगं हे काय करती? तर हाजराबी मान वर न करता म्हणाली, "आमच्या मालकानं बांधलेली टाकी हाय ही. मोकळी बसली तर लोक त्यास्नी हासतील."

तेव्हा सगळ्यांना ते खरंच वाटलं.

एका पाटीनं माझं पोट भरणार नव्हतं. त्याच सुमारास धुळा मेंढरं घेऊन परत फिरला. आमच्या भागात शेतात मेंढरं बसवण्याची रीत आहे. मेंढरं रात्रभर शेतात बसतात, लेंड्या आणि मूत यांनी रान सुधारतं, आणि मालक मेंढपाळाला धान्य देतो. लक्ष्मीबाईनं त्याला घरामागच्या तुकड्यात मेंढरं बसवायला सांगितलं. सकाळी लेंड्यांचे ढीग. लक्ष्मीबाई खूश, आम्रपाली खूश. शेण काय आणि लेंडी काय, असं म्हणून दोघींनी पाट्या भरभरून लेंड्या माझ्या हौदात ओतल्या आणि वरून पाणी सोडलं.

कोरडी लेंडी बुडत नाही, मित्रांनो. भुईमुगाच्या शेंगेसारखी तरंगते. माझ्या विहिरीत त्या लेंड्या वर आल्या, एकमेकींना चिकटल्या आणि त्यांचा घट्ट पापुद्रा झाला. मी त्यात रुतून तिरकी अडकले. जो थोडा गॅस होत होता तोही वर येईना. हाजराबीच्या शेणावर चहापुरती ज्योत मिळत होती, तीही गेली. पोरीच्या दुधापुरतीसुद्धा आच उरली नाही. त्या आठवड्यात साक्षीला महेंद्रनं खांद्यावर टाकून डॉक्टरांकडं नेलं. ती परत आली ती डोळे मिटूनच. तिचा बारीक बरगड्यांचा पिंजरा आत-बाहेर होताना परड्यातूनसुद्धा दिसत होता.

आम्रपाली रडत बसली नाही. तिनं एका बादलीत पाणी घेतलं, मूठभर लेंड्या टाकल्या आणि समोर बसली. लेंड्या तरंगल्या. तिनं काडीनं ढोसलं, पुन्हा वर. बादली तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी निम्म्या लेंड्या तळाशी होत्या. तिनं त्यातली एक चिमटीत धरून चुरली, तशी ती पाण्यात मिसळून गेली. ती उठून आत गेली आणि म्हणाली, "आत्या, भिजवून तुडवायला पाहिजे."

लक्ष्मीबाईनं लुगडं खोचलं आणि हौदात उतरली. वय झालेली बाई, गुडघ्यांनी कुरकुरणारी. भिजलेल्या लेंड्या ती चिखल तुडवावा तशी तुडवू लागली. एकदा तिनं माझ्याकडं बघून, ढेरपोटे, खाशील का आता, असं विचारलं. महेंद्रनं लांब बांबू घालून आतला पापुद्रा फोडला. मग तिघांनी मिळून माझी कडी धरली आणि मला फिरवलं. मी आधी हललेच नाही. मग एकदम सुटले, आणि खालून इतके बुडबुडे आले की महेंद्र दचकून मागं सरला. दोन-चार दिवसांत निळी ज्योत परत आली. लहान होती, पण धूर नव्हता. साक्षी त्या ज्योतीवरचं दूध प्यायली आणि हळूहळू तिची शीळ बसत गेली.

यानंतर जे झालं, ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं.

साक्षीला बरं वाटू लागलं होतं. हाजराबीची पाटी दर बाजाराला येतच होती. एकदा पाटी रिकामी करून ती दम खायला भिंतीला टेकली आणि साक्षी तिच्या मांडीवर चढली. पोरीनं नेहमीसारखं डोकं तिच्या छातीवर ठेवलं. मग उठून बसली आणि आईला हाक मारून म्हणाली, "आई, हाजरानानी पण वाजते. माझ्यासारखी."

आम्रपाली हातातली बादली खाली ठेवून सरळ भिंत ओलांडून गेली. हाजराबी मागून म्हणतेय, आगं कुटं चालली, पसारा पडलाय घरात. आम्रपाली थांबली नाही. हाजराबीच्या भिंतीवर एकही शेणी नव्हती. तिचं सगळं शेण माझ्या पोटात येत होतं. चुलीत वेड्या बाभळीच्या ओल्या काट्या होत्या, त्यांचा पिवळा, डोळ्यांत घुसणारा धूर खोलीत अजून लोंबत होता, आणि वाऱ्यानं जाळ विझू नये म्हणून खिडकीला पोतं लावलेलं होतं.

आम्रपाली दारात आली. सगळ्या घरावर पहारा ठेवणारी ती, तिला भिंतीपलीकडचा हा धूर दिसला नव्हता. ती म्हणाली, "काकू, तुम्ही सांगितलं का नाही?"

हाजराबी पदरानं तोंड पुसत होती. "काय सांगायचं? माजी छाती जुनी हाय. पोरीची नवी हाय."

हे वाक्य ऐकून लक्ष्मीबाई हौदातून वर आली. पाय तसेच शेणानं भरलेले. तिनं महेंद्रला हाक मारली आणि कवठ्याहून नळी आणायला सांगितली, लांब, भिंतीपलीकडं पोचेल एवढी. जैनुद्दीन गवंड्यांनी त्याच संध्याकाळी आपल्याच घराच्या भिंतीला भोक पाडलं. आयुष्यभर लोकांच्या घरात नळ्या नेणारा माणूस, पण स्वतःच्या भिंतीत छिन्नी धरायची त्याची ही पहिलीच वेळ. साबणाचा फेस लावून आम्रपालीनं सगळे सांधे तपासले. हाजराबीच्या घरात शेगडी पेटली, तेव्हा हाजराबी त्या ज्योतीकडं बघतच बसली. तिला हसू येत होतं आणि खोकलाही.

आच थोडी आणि शेगड्या दोन. लक्ष्मीबाईनं नियम केला, आधी हाजराच्या भाकरी, मग आपल्या. भाऊसोंनी दारावरून जाताना टोमणा मारलाच, की आता दोन घरांचा संसार एका शेणावर चाललाय. लक्ष्मीबाई म्हणाली, "व्हय भाऊसो. तुमच्या घरचं बी शेण आणा, तिसरी शेगडी लावतो." ते चालते झाले. पण दोन दिवसांनी त्यांच्या गड्यानं दोन बैलांचं शेण आणून गुपचूप हौदाशी टाकलं. तिसरी शेगडी मात्र त्यांनी मागितली नाही.

पाऊस पडला. म्हशी परत आल्या. हाजराबीची नळी कुणी काढली नाही. पुढं महेंद्रची बदली विट्याला झाली, साक्षीला शाळेत घालायचं होतं, घर हलवायची वेळ आली. जायच्या आधी आम्रपालीनं मला सगळीकडून घासलं. पाण्याच्या रेघेशी मला गंज धरला होता. एका ठिकाणी तर फेसात बारीक बुडबुडा आला. तिनं तिथं डाग देऊन घेतला आणि दोन हात रंग लावला. लक्ष्मीबाईनं दोन म्हशी विकल्या आणि एक हाजराबीला अर्धलीनं दिली. म्हणजे सांभाळायची हाजराबीनं आणि दूध-रेडकू निम्मं-निम्मं. तसा सौदा ठरला, पण लक्ष्मीबाई आपलं निम्मं न्यायला कधी आलीच नाही. ती येते ती हाजराबीच्या शेगडीवरचा चहा प्यायला.

आता जैनुद्दीन गवंडी वाईला एका कामावर आहेत, महिन्यातून एकदा येतात. परड्यात आम्ही तिघी असतो. मी, म्हैस आणि हाजराबी. सकाळी उठून ती शेण कालवते, माझी कडी धरून मला फिरवते आणि फिरवताना मला सगळं सांगते. साक्षीचा शाळेत पहिला नंबर आला. धुळाच्या मेंढीला जुळं झालं. पेपरात काय आलं ते तिला वाचता येत नाही, पण आम्रपालीनं सांगितलेली वाकळ ती गावातल्या बायकांना आपल्या भाषेत समजावते. तिच्यामुळं गावात अजून दोन टाक्या झाल्या. मोठमोठ्या माणसांनी लांबच्या देशात बसून जे ठरवलं, ते माझ्या डोळ्यांसमोर एका बाईनं पाटीभर शेणानं केलं. मी तिच्याएवढं मोठं माणूस पाहिलेलं नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या घरी चांगल्या शेगड्या येतील. आपल्या घरात धूर नाही एवढ्यावर समाधान मानू नका. शेजारी काय जळतंय ते बघा. आणि ज्या घरातून रोज भांड्यांचा आवाज येतो, तिथून तो आला नाही, तर का आला नाही तेही बघा.

हे मी उगीच सांगत नाही. काल सकाळी हाजराबी परड्यात आली नाही. संध्याकाळीही नाही. आज ऊन शेवग्यावर आलं तरी नाही. माझ्या पोटातला गॅस कुणी वापरलेला नाही. मी काठोकाठ भरले आहे आणि कडेनं बुडबुडे सुटायला लागलेत, तो गॅस वाया चालला आहे. पण ते राहू द्या, त्याचं नंतर बघता येईल. म्हैस कालपासून हंबरते आहे. आणि मी विहिरीत रोवलेली आहे, मला भिंत ओलांडता येत नाही.

तुमच्यापैकी जो कुणी जवळ असेल, त्यानं तेवढं जाऊन या. गवंड्याचं घर म्हणून विचारा, कुणीही दाखवेल. पुढचं दार ओढून घेतलेलं असलं तरी कडी बहुतेक नसते. तिला उजव्या कानानं कमी ऐकू येतं, तेव्हा दारात उभं राहून मोठ्यानं हाक मारा, नानी म्हणा. तिनं आतून "कोन हाय रं?" असं विचारलं, तर तिथूनच मला ओरडून सांगा.